छोट्या कॉलेजचा रिसीव्हर आणि ४.६२ सेकंदांचा बाऊ

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट (संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात तो) तोंडावर आला की एक दावा हमखास फिरू लागतो. एफसीएसमधून, म्हणजे डिव्हिजन वनच्या खालच्या पायरीवरच्या कॉलेजातून आलेल्या रिसीव्हरच्या, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या, नादी लागू नका. त्याचे आकडे दुबळ्या संघांविरुद्ध फुगलेले असतात, पायात वेग नसतो, वय जास्त असतं. आणि एफसीएसमधूनच येऊन रॅम्स संघाकडून गाजलेल्या कूपर कपचं नाव काढलंत तर म्हणे तो अपवाद. दावा साफ खोटा असता तर सोडून दिला असता. तो थोडा खरा आहे, म्हणून जास्त डोक्यात जातो. आता कपचं नाव निघालंच आहे तर त्याच्यावरच घासून बघू.

आधी आकडे. स्पोकेनजवळच्या ईस्टर्न वॉशिंग्टनकडून खेळताना कपचे चार हंगामांत ४२८ झेल, ६,४६४ यार्ड, ७३ टचडाउन (चेंडू गोल लाइनपार नेऊन मिळवलेले गुण). यातून थोडं वजा करायलाच हवं, मान्य. त्या काळात वरच्या स्तरावरचा संघ ८५ शिष्यवृत्त्या देऊ शकायचा, एफसीएसचा संघ ६३. दुसऱ्या-तिसऱ्या कॉर्नरबॅकच्या, म्हणजे रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूच्या, दर्जात हा फरक लगेच दिसतो. पण हे छोटे संघ हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या विद्यापीठांच्या मैदानावर जाऊन खेळतात, बहुतेकदा मिळणाऱ्या पैशासाठी. फुगवटा किती ते तिथे कळतं. कप ओरेगन स्टेट, वॉशिंग्टन, ओरेगन आणि वॉशिंग्टन स्टेट या चौघांविरुद्ध एकेक सामना खेळला: ४० झेल, ७१६ यार्ड, ११ टचडाउन. सामन्याला १७९ यार्ड, म्हणजे त्याच्या एकूण सरासरीपेक्षा जास्तच! २०१४ च्या वॉशिंग्टन संघात कॉर्नरबॅक मार्कस पीटर्स होता, जो पुढच्याच वर्षी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेला. त्या सामन्यात कपचे तीन टचडाउन. दुबळा बचाव म्हणायचा तो हाच का?

वेगाचा मुद्दा सगळ्यांचा लाडका. २०१७ च्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, कपने ४० यार्डांना ४.६२ सेकंद घेतले, आणि तिथेच दुसरा रिसीव्हर जॉन रॉसने ४.२२ चा तेव्हाचा विक्रम केला. रॉसला बेंगॉल्स संघाने ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर उचललं. कप तिसऱ्या फेरीत, ६९ वा, रॅम्सकडे. पहिल्या हंगामात रॉसच्या नावावर एकही झेल नाही (दुखापतींचा वाटा होता, तेही सांगायला हवं). कपचे ६२ झेल, ८६९ यार्ड.

चाळीस यार्डांची ती धाव सरळ रेषेत असते, समोर कुणी नसतं आणि वळायचंही नसतं. आतल्या बाजूला, स्लॉटमध्ये उभा राहणारा रिसीव्हर असा क्वचितच पळतो. तो बचावपटूच्या अंगावर चालून जातो, त्याची कंबर कुठल्या बाजूला वळते ते पाहतो आणि उलट बाजूला कापतो. यात खरी कसोटी असते ती वेगात असताना दोन पावलांत थांबण्याची. याच्या जवळ जाणारी चाचणी म्हणजे थ्री-कोन: इंग्रजी एलच्या आकारात पाच-पाच यार्डांवर तीन शंकू, त्यांच्याभोवती वळत पळायचं. तिथे कपची वेळ ६.७५ सेकंद होती, रिसीव्हरसाठी उत्तम. हा आकडा तेव्हाही सर्वांसमोर होता, पण फिरवला गेला तो ४.६२.

१३ फेब्रुवारी २०२२ ची सुपर बोल, म्हणजे एनएफएलची अंतिम लढत, आठवा. रॅम्स १६-२० ने मागे, घड्याळात दीड मिनिट, गोल लाइन एक यार्डावर. समोर बेंगॉल्सचा कॉर्नरबॅक इलाय ॲपल, ओहायो स्टेटचा, २०१६ च्या ड्राफ्टमधला दहावा. त्याच्याच अंगावर कपने विजयी टचडाउन घेतला. एका यार्डात चाळीस यार्डांच्या वेळेचं काय लोणचं घालायचं? आणि ज्या संघाने २०१७ मध्ये वेग विकत घेतला होता, तोच हरला.

वयाचं म्हणाल तर खरं आहे. ड्राफ्टच्या वेळी कप २३ पूर्ण होता, जूनमध्ये २४ चा झाला. पण त्याची झळ बसलीच तर पुढच्या कराराला बसते. नवख्या हंगामात दोन वर्षांची समज जास्त असणं फायद्याचंच.

राहता राहिला अपवाद. छोट्या कॉलेजांतून आलेले आणखी दोन रिसीव्हर बघा: जेरी राइस मिसिसिपी व्हॅली स्टेटचा, १९८५ मध्ये सोळावा. टेरेल ओवेन्स चॅटनूगाचा, १९९६ मध्ये तिसऱ्या फेरीत. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये. इतके मोठे अपवाद निघत असतील तर नियमच एकदा तपासलेला बरा. मात्र उलटी बाजूही आहे, आणि तीही रॅम्सचीच. २०१२ मध्ये त्यांनी ॲपलाचियन स्टेटचा रिसीव्हर ब्रायन क्विक ३३ वा घेतला. उंच, धिप्पाड, कागदावर अगदी हवा तसा. हजार यार्डांच्या जवळही तो कधी फिरकला नाही, आणि २०१७ मध्ये, कप आला त्याच वर्षी, संघ सोडून गेला. छोटं कॉलेज दोघांचंही. महागात पडली ती अंगकाठीला दिलेली किंमत.

दाव्यात एक गोष्ट मात्र पक्की आहे, आणि गंमत म्हणजे तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एफसीएसचे कॉर्नर चांगल्या रिसीव्हरला घाबरून पाच-सात यार्ड मागे उभे राहतात. त्यामुळे छातीला हात लावून अडवणारा बचावपटू समोर आला तर हा पोरगा कसा सुटतो, हे चित्रफितीत फारसं सापडत नाही. त्यासाठी अलाबामातल्या मोबाइल शहरात जानेवारीत होणारे सीनियर बोलचे (ड्राफ्टआधी कॉलेज खेळाडूंच्या सामन्याचे) सराव बघावेत, एकास-एक झुंजीचे. कप तिथेही खेळला होता.