फ्लेक्सिबल वर्किंगला ‘नाही’ आलं, की विषय संपला?

ब्रिटनमधल्या मराठी पालकांमध्ये फ्लेक्सिबल वर्किंगबद्दल, म्हणजे कामाच्या वेळा, तास किंवा जागा बदलून मिळण्याबद्दल, एक मेसेज फिरत असतो. आशय असा: ‘कंपनीनं फ्लेक्सिबल वर्किंग नाकारलं की काही करता येत नाही. “बिझनेस रीझन” म्हटलं की पुरे. पुढचं वर्षभर अर्ज बंद. ट्रिब्युनलला (नोकरीचे वाद चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला) गेलात तरी जेमतेम आठ आठवड्यांचा पगार. तेव्हा गप्प बसा.’ यातलं आठ आठवड्यांचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीचं चूक.

‘बिझनेस रीझन म्हटलं की पुरे.’ इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये (उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा) 1996 च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्टनं नकाराची आठच कारणं ठरवून दिली आहेत: वाढीव खर्च, ग्राहकांची मागणी न भागणं, काम इतरांत वाटता न येणं, भरती न जमणं, दर्जा घसरणं, कामगिरी घसरणं, मागितलेल्या वेळात पुरेसं काम नसणं आणि नियोजित पुनर्रचना. ‘तुम्हाला दिलं तर सगळेच मागतील’ हे त्यात कुठेही नाही.

यादीतलं कारण दिलं तरी त्यामागची माहिती खरी असावी लागते. निर्णय शहाणपणाचा होता का, यात ट्रिब्युनल सहसा शिरत नाही. तो चुकीच्या माहितीवर घेतला का, हे मात्र तपासतं. पत्रात ‘तीन ते पाच सर्वाधिक फोन येतात’ असं असेल तर चार आठवड्यांचा कॉल लॉग आणि रोटा (ड्यूटीचं वेळापत्रक) मागा. फोनची गर्दी प्रत्यक्षात अकरा ते एक असेल, तर कंपनीकडे करायच्या अपिलाचा पहिला मुद्दा तोच. तुमच्याबद्दलच्या ईमेल आणि मीटिंगच्या नोंदी सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट (कंपनीकडे असलेली स्वतःची माहिती मागण्याचा कायदेशीर अर्ज) करून मागवता येतात. उत्तराची मुदत साधारण एक महिना.

शिवाय नकार देण्याआधी तुमच्याशी चर्चा करणं आणि अपिलासकट सगळं दोन महिन्यांत उरकणं कंपनीवर बंधनकारक आहे. चर्चेविना थेट पत्र आलं, तर चूक त्यांची. तुम्ही मात्र ठरलेली मीटिंग सबळ कारणाशिवाय दोनदा चुकवलीत, तर अर्ज मागे घेतल्याचं धरता येतं.

‘वर्षभर अर्ज बंद.’ हा जुना नियम. 6 एप्रिल 2024 पासून 12 महिन्यांत दोन अर्ज करता येतात, तेही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. अपील हा वेगळा अर्ज धरला जात नाही. गंमत म्हणजे पुष्कळांचा ‘पहिला अर्ज’ कायद्याच्या लेखी अर्जच नसतो. मॅनेजरला टीम्सवर ‘थोडं लवकर निघू का?’ विचारणं म्हणजे अर्ज नव्हे. तो लेखी हवा, त्यावर तारीख हवी, हा कायद्यानुसार केलेला अर्ज आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं, नेमका बदल आणि तो कधीपासून हे हवं, आधी अर्ज केला होता का आणि कधी, हेही हवं.

दुसरा अर्ज म्हणजे तारीख बदललेली पहिल्याची प्रत नसावी. आधी पाचही दिवस तीनला सुटण्याची मागणी ग्राहकांच्या कारणावरून फेटाळली गेली असेल, तर आता तीनच दिवस तीनला निघतो, राहिलेले तास संध्याकाळी घरून भरतो, असं मांडा; सोबत 12 आठवडे करून पाहण्याची तयारी दाखवा. हा चाचणीचा काळ लेखी ठरवून घ्या. एरवी मंजूर झालेला बदल कायमचा धरला जातो आणि जुने तास परत मागण्याचा हक्क राहत नाही.

स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर आणखी एक: तास घटले की पगार घटतो आणि तो व्हिसाच्या किमान मर्यादेखाली जाऊ शकतो. तास तेवढेच ठेवून फक्त वेळा बदलून मागणं सोपं.

‘आठ आठवड्यांचाच पगार.’ 1996 च्या कायद्याखालच्या दाव्यापुरतं खरं, आणि आठवड्याच्या पगारालाही सरकारी कमाल मर्यादा आहे. पण आईला नकार मिळाला असेल तर 2010 च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टखाली अप्रत्यक्ष लिंगभेदाचा (नियम सगळ्यांना सारखा, पण फटका बायकांना जास्त) दावा होऊ शकतो आणि तिथे भरपाईला कमाल मर्यादाच नाही. लंडनच्या एका इस्टेट एजन्सीनं नर्सरीतून मुलीला घेण्यासाठी पाचला सुटू द्यायला नकार दिला होता. त्या आईला ट्रिब्युनलनं 2021 मध्ये सुमारे 1,85,000 पौंड दिले. मुलांच्या संगोपनाचा भार बायकांवर जास्त पडतो, हे ट्रिब्युनलनं लक्षात घ्यायलाच हवं, असं अपील ट्रिब्युनलनंही त्याच वर्षी सांगितलं. प्रत्येक नकार भेदभाव ठरत नाही. कंपनीला सबळ समर्थन देता आलं तर दावा पडतो. वडिलांना ही वाट अवघड आहे. मात्र त्याच कामावरच्या आयांना जे मिळतं ते पुरुष म्हणून नाकारलं, तर तो थेट भेदभाव.

ट्रिब्युनलला 2017 पासून फी लागत नाही. आधी एकॅसकडे (नोकरीच्या वादांत मध्यस्थी करणारी सरकारी संस्था) अर्ली कन्सिलिएशनसाठी, म्हणजे दाव्याआधीच्या समेटासाठी, नोंद करावी लागते. या नोंदीची मुदत तीन महिने वजा एक दिवस धरून चाला. भेदभावाच्या दाव्यात ती पहिल्या नकारापासूनच मोजली जाऊ शकते, आणि अपिलाची वाट बघण्यात ती निघून जाते. नकाराचं पत्र 10 मार्चचं असेल, तर कॅलेंडरवर 9 जूनला खूण करा आणि एकॅसला त्याच्या बऱ्याच आधी कळवा.