'एकच सर्व्हर, रात्री बदल, बॅकअप आहेच' : हंगामात या, मग बोलू

आमच्याकडच्या कापूस जिनिंगवाल्यांच्या आणि पतसंस्थांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात असा: 'डेव्हलपमेंट, टेस्टिंग, प्रॉडक्शन असे तीन संसार मांडणं हे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे लाड. खर्च तिप्पट. प्रोग्रामरने लॅपटॉपवर चालवून पाहावं, रात्री वजनकाटा बंद झाला की बदल टाकावा, बिघडलंच तर बॅकअप आहेच.' (डेव्हलपमेंट म्हणजे जिथे प्रोग्राम लिहितात, टेस्टिंग म्हणजे जिथे तो तपासतात, प्रॉडक्शन म्हणजे जिथे खरा कारभार चालतो.) यवतमाळ जिल्ह्यात अशाच सॉफ्टवेअरची देखभाल करून मी पोट भरतो, म्हणून उत्तर देतो.

पहिलं, लाड. सोयाबीन पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. सत्तर उगवले तर नेहमीचं बियाणं, कमी उगवले तर एकरी प्रमाण वाढवायचं. अख्खं वावर पणाला लावून उगवण तपासणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही. सॉफ्टवेअरचं गोणपाट म्हणजे टेस्टिंग.

खर्चाचं तर सांगूच नका. तीन संसार म्हणजे तीन नवी मशीनं नव्हेत. डेव्हलपमेंट प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर होतंच. टेस्टिंगला ऑफिसातला बाजूला पडलेला पीसी चालतो. माहिती साठवणारं पोस्टग्रेस सॉफ्टवेअर फुकट आहे. त्याच कामाचा मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर वापरत असाल तर त्याची डेव्हलपर एडिशन विकास आणि चाचणीसाठी फुकट मिळते, फक्त तिच्यावर खरा कारभार चालवायचा नाही. खरा खर्च वेगळाच आहे: काट्यावरच्या माणसाला तासभर उठवून टेस्टिंगच्या पीसीसमोर बसवायचं. हंगामात तो तास मिळवणं अवघड, हे कबूल.

'लॅपटॉपवर पाहिलं' यावर माझा मुळीच विश्वास नाही, आणि मी स्वतः प्रोग्रामर आहे. माझ्या लॅपटॉपवर तारीख दिवस-महिना अशी, एका गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर अमेरिकन पद्धतीने महिना-दिवस अशी. 5 नोव्हेंबरची आवक 11 मेला जाऊन बसली. मे महिन्यात कापसाची आवक! बारा तारखेपर्यंत सगळं गुपचूप चुकत राहिलं, तेराव्या तारखेला तेरावा महिना सापडेना म्हणून प्रोग्राम अडला, तेव्हा कुठे कळलं. टेस्टिंगचा पीसी सर्व्हरसारखाच मांडलेला असता, तीच सेटिंग, तोच प्रिंटर, तर पहिल्याच पावतीला पकडलं असतं.

आता रात्रीचं. मेसेज लिहिणारा हंगामात काट्यावर बसलेला दिसत नाही. दिवाळीनंतर गाड्या आदल्या रात्रीपासूनच फाटकावर लागतात, काटा बंद होतो कधी? एका जिनिंगला दुपारी जेवणाच्या सुट्टीत थेट चालू सर्व्हरवर ओलाव्याची कपात बदलली. नियम साधा: ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे 12 पर्यंत दर टक्क्याला भावात एक टक्का कपात. आठ वजा करायची ओळ राहिली. 7,500 चा भाव, ओलावा 10. कापायचे क्विंटलला 150, कापले 750. बारा क्विंटलच्या गाडीमागे 7,200 रुपये गेले. चूक संगणकाने नाही पकडली. एका आजोबांनी पकडली, पावतीच्या मागे पेन्सिलीने हिशेब करून. 'बाबू, तुयं मशीन चुकून रायलं,' म्हणाले. ती ओळ माझीच होती.

आणि तेव्हा बॅकअप होताच की! पहाटे दोनचा. तो परत चढवला असता तर सकाळपासूनच्या सगळ्या पावत्या संगणकातून गेल्या असत्या, पण शेतकऱ्यांच्या खिशात राहिल्या असत्या. शेवटी एकेक पावती हाताने दुरुस्त केली. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर कमांड चालवून प्रॉडक्शनचा सुमारे 300 जीबीचा डेटाबेस उडवला. बॅकअपच्या ठरलेल्या वाटा एकेक करून कुचकामी निघाल्या. कामी आली ती सहा तास आधी हाताने घेतलेली प्रत, आणि ती घेतली होती टेस्टिंगच्या संसारात टाकायला.

मेसेजच्या बाजूने एक मुद्दा मीच मांडतो, कारण त्याने तो मांडलेला नाही. अर्धवट वेगळा केलेला टेस्टिंगचा संसार जास्त त्रास देतो. आम्ही एकदा खऱ्या माहितीची प्रत जशीच्या तशी टेस्टिंगला घेतली. मोबाइल नंबर खरे, एसएमएसचं खातंही तेच. बटण दाबलं आणि चाळीसेक शेतकऱ्यांना 'रक्कम खात्यात जमा' असा निरोप गेला. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सगळे फाटकावर.

तेव्हापासून प्रत घेतली की आधी सगळे नंबर पुसून माझा एकच नंबर टाकतो. टेस्टिंगची स्क्रीन हळदीसारखी पिवळी केली आहे, आणि तिच्या पावतीवर आडवं छापून येतं: 'नमुना, यावर पैसे मिळणार नाहीत.'