कोड पुसला म्हणून गाडी पास होत नसते
लातूर-नांदेडकडं व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय, 15 वर्षं झालेली गाडी रिपासिंगला न्यायच्या आधी स्कॅनरनं (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) बिघाडाचा कोड पुसा नाहीतर बॅटरीची वायर काढून ठेवा, गाडी पास. भाऊ, असं नसतंय. कोड पुसल्यानं नुसता डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा विझतो, खराब सेन्सर तसाच राहतो अन् दोन-चार फेऱ्यांत दिवा परत लागतो. अन् पीयूसीवाला सायलेन्सरात नळी घालून पेट्रोल गाडीचा सीओ-एचसी (कार्बन मोनॉक्साइड अन् न जळलेलं इंधन) मोजतो, डिझेलचा धूर मोजतो, त्याला कोडशी काय करायचंय? माझ्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर (इंजिनातून निघणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) काढला तर टोक काजळीनं काळंकुट्ट, बदलला तवा पीयूसीचं रीडिंग खाली आलं. पुसायच्या आधी कोडचा नंबर तेवढा लिहून घ्या, मेकॅनिकला तोच लागतो.