अभिप्राय द्या, आज पाचपर्यंत

दुपारी पोरांना खिचडी वाढत होते, तेवढ्यात केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर लिंक आली. अभ्यासक्रमाबाबत शिक्षकांचा अभिप्राय, आज पाचच्या आत, अतितातडीचे. उघडलं तर सगळीकडे होय, नाही, अंशतः. दोन वर्ग सांभाळत भरली आणि तेव्हापासून डोकं तापलंय.

माझ्या पहिल्या शाळेत एक ज्येष्ठ बाई होत्या. त्यांच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात पानापानावर पेन्सिलीने नोंदी असायच्या. ‘हा पाठ श्रावणात घ्यावा, ओढा दाखवता येतो.’ ‘नकाशा कळत नाही, आधी वर्गाचा काढून घेणे.’ कितीतरी वर्षांच्या नोंदी होत्या त्या. अभ्यासक्रम बदलला, पुस्तक बाद झालं. ते कुणी मागितलं नाही.

आणि विचारतात ते कधी? २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला २३ मेला, हरकतींची मुदत ३ जून! शाळा बंद, निम्मे शिक्षक गावी, निवडणुकीची ड्यूटी नुकतीच संपलेली. शेकडो पानांचा मसुदा कोण, कधी वाचणार होतं? २०२३ला दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत वहीची कोरी पानं घातली. दप्तर हलकं होणार म्हणे. २०२५च्या जानेवारीत तो निर्णय मागे घेतला. पोरं वेगळ्या वह्या आणतच होती, हे कुठल्याही वर्गशिक्षकाने पहिल्या महिन्यात सांगितलं असतं. ती छपाई आपल्याच पैशांतून झाली ना?

हो, बालभारतीच्या विषय समित्यांवर, अभ्यासगटांत शिक्षक असतात. नावं पुस्तकात छापलेली असतात, मेहनतही करतात, मान्य. पण पुस्तक वर्गात गेल्यावर काय होतं, हे त्या बाईंसारख्यांनाच कळतं, आणि त्यांच्यापर्यंत कुणी पोचतच नाही.

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं निघतं. मला ते फार आवडतं. आपल्या नदीचं, आपल्या तालुक्याचं नाव छापलेलं दिसलं की पोरं बोट ठेवून वाचतात. म्हणजे मुलाच्या अंगणापासून सुरुवात करायची हे बालभारतीला चांगलं ठाऊक आहे. मग त्या अंगणात रोज उभ्या असलेल्या माणसाला नीट विचारायला काय हरकत आहे?

निवृत्तीच्या दिवशी बाईंनी ते पुस्तक माझ्या हातात दिलं. ‘तुला उपयोगी पडेल गं.’ पडलंच. पाठ बदलले तरी पोरं कुठे अडतात ते फारसं बदलत नाही. आज हे लिहिताना राग कमी होतोय आणि त्यांची आठवण जास्त येतेय.

केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकांची बैठक, दर महिन्याला होते. पीपीटी दाखवण्यापेक्षा एक तास एका पाठाला द्या. सगळ्यांनी आपापलं खुणा केलेलं पुस्तक आणायचं, चर्चा लिहून काढायची, वर पाठवायची. आणि वरून उत्तर आलं पाहिजे, काय घेतलं, काय सोडलं, का सोडलं. पुढच्या परिषदेत मी हे मांडणार आहे. आपल्या केंद्रातले जे कोणी वाचताय, त्यांनी पुस्तकं घेऊन या.