लाच, कायदा आणि मत : एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या काही दिवसांत साताऱ्यातल्या निदान चार व्हॉट्सॲप गटांवरून एकच मजकूर माझ्यापर्यंत पोहोचला. त्याचा सारांश असा : भ्रष्टाचारामुळे जगातल्या प्रातिनिधिक लोकशाह्या मूठभरांच्या राजवटी झाल्या आहेत, अमेरिकेत प्रिन्स्टनच्या अभ्यासाने ते सिद्धही झाले आहे, आपल्याकडे तीच ती घराणी निवडून येतात आणि मते विकत घेतली जातात, तेव्हा मतदान करून काही उपयोग नाही. रोग नाही असे माझे म्हणणे नाही. निदान चुकले आहे, असे आहे.

आधी तो अभ्यास. मार्टिन गिलेन्स आणि बेंजामिन पेज यांचा हा निबंध २०१४ सालचा. १९८१ ते २००२ या काळातल्या १,७७९ धोरणविषयक प्रश्नांवर मध्यम उत्पन्नाच्या आणि सधन नागरिकांचा कौल काय होता आणि प्रत्यक्षात काय घडले, हे त्यांनी ताडून पाहिले. सधनांचा आणि संघटित हितसंबंधांचा प्रभाव वेगळा काढल्यावर सामान्य माणसाचा स्वतंत्र प्रभाव जवळजवळ शून्य उरतो, हा त्यांचा निष्कर्ष गंभीर आहे. पण त्यात लाचखोरीचे मोजमाप केलेलेच नाही. आणि त्यातले ‘सधन’ म्हणजे चार अब्जाधीश नव्हेत, तर उत्पन्नाच्या उतरंडीवर वरच्या दहा टक्क्यांच्या उंबरठ्यावर उभे असलेले लोक. पुढे इतर अभ्यासकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा सुमारे ९० टक्के प्रश्नांवर मध्यमवर्ग आणि सधन यांचे बहुमत एकाच बाजूला असल्याचे आढळले. मतभेदाचे प्रश्न १८५ उरले. त्यांत सधनांच्या मनासारखे ५३ टक्के वेळा झाले आणि मध्यमवर्गाच्या मनासारखे ४७ टक्के वेळा. पारडे झुकलेले आहे, मालकीहक्क मात्र सिद्ध होत नाही.

दुसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण संदेशाचा सगळा डोलारा ‘भ्रष्टाचारामुळे’ या एका शब्दावर उभा आहे. सत्तेवर पैशाची पकड बसवण्यासाठी दरवेळी कायदा मोडावा लागत नाही; पुष्कळदा कायदाच तशी सोय करून देतो. कंपनीने राजकीय पक्षांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी, ही मर्यादा २०१७ साली रीतसर संसदेतूनच काढली गेली. २०१८ पासून विकले गेलेले निवडणूक रोखे देणगीदाराचे नाव मतदारापासून लपवत होते आणि तेही पूर्णपणे कायदेशीर होते, ते थेट १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना आणि देणगीची मर्यादा काढणारी ती दुरुस्ती, दोन्ही घटनाबाह्य ठरवेपर्यंत. आजही लोकसभेच्या उमेदवाराच्या खर्चाला आपल्याकडे ९५ लाखांची मर्यादा आहे, त्याच्या पक्षाच्या खर्चाला मात्र कोणतीही नाही. लाचलुचपतवाल्यांनी उद्या प्रत्येक लाचखोर सापळ्यात पकडला, तरी यातले काहीही बदलणार नाही.

घराण्यांविषयी. तीच ती निवडून येतात, हा दावा साताऱ्यात करायला धाडस लागते. २०१९ च्या मे महिन्यात निवडून आलेले उदयनराजे भोसले पक्ष बदलून ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि छत्रपतींच्या गादीचा मान मनापासून राखणाऱ्या याच जिल्ह्याने त्यांना सुमारे ८७ हजार मतांनी पाडले. २०२४ साली त्यांनाच पुन्हा निवडून दिले, तेही त्याच मतदारांनी. सांगलीचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. महाविकास आघाडीत ती जागा शिवसेनेकडे गेली, विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि एक लाखावर मतांनी जिंकले. दोन्ही आघाड्यांचे उमेदवार पडले खरे. पण जिंकले ते वसंतदादांचे नातूच, हे लपवून मला माझी बाजू मांडता येणार नाही. यातून मला दिसते ते असे की, मतदार घराण्याला पाडू शकतो, पण ए-बी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी, कोणाच्या हाती पडणार हे त्याला ठरवता येत नाही. दार अडले आहे ते तिथे, मतपेटीपाशी नव्हे.

मते विकत घेतली जातात, हे खरेच. मतदानाच्या आदल्या रात्री आमच्या पेठेत यादी घेऊन फिरणारी माणसे मी दारात उभा राहून पाहिली आहेत. घरात मते किती, पुण्याला नोकरीला असलेला मुलगा येणार का, येणार असेल तर गाडीची सोय करायची का, असे विचारत ती नावापुढे पेन्सिलीने खूण करतात. पण ज्याच्या मुठीत सत्ता कायमची आली आहे, तो रात्री अकरा वाजता आमच्या आजीचे मत कशाला मोजेल?

राहिला शेवटचा सल्ला, मतदान न करण्याचा. निवडणूकच नसली तर काय होते, हे पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात पाकिटे वाटायचे कोणाला कारणच नव्हते. आमच्या गावाकडच्या रस्त्यावरची मोरी एका पावसाळ्यात वाहून गेली, तेव्हा चुलत्यांनी एका कचेरीत अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला आणि मग कोणाच्या दारात जाऊन बसायचे, हे ते गावभर विचारत राहिले.