खुलासा: ‘गोव्यात काहीही बोला, गुन्हा नाही’ हे खोटं

फोंडा-डिचोलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘गोव्यात पोर्तुगीज कायदा आहे, अमेरिकेसारखं काहीही बोला.’ कृपया विश्वास ठेवू नका. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतलं जे उरलंय, ते लग्न, वारसा, मालमत्ता अशा दिवाणी बाबींपुरतं. गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिताच लागते. धर्म, जात, भाषेवरून वैर पसरवलं तर कलम १९६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद. देवळात, चर्चमध्ये, मशिदीत केलं तर ५ पर्यंत. कलमात इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे मोबाइलवरचा मजकूरही आलाच.

अमेरिकेत मोकळीक खरोखर मोठी, पण तिथेही सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालानुसार तात्काळ हिंसेची चिथावणी, ती घडण्याची शक्यता असेल तर, भाषणस्वातंत्र्याच्या संरक्षणात बसत नाही. जर्मनीत तर द्वेष भडकवला तर तिथल्या दंड संहितेच्या कलम १३० खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.