मिठाने खुंट कुजत नाही, टिकतो

पाऊस ओसरला, लोक परड्यातली साफसफाई काढायला लागले, की वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोडलेल्या झाडाचा खुंट काढायचा तो मेसेज परत फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ठिकाणांहून आला. जसाच्या तसा देतो:

‘खुंट काढायला जेसीबीवर पैसे कशाला घालवता? ड्रिलने भोकं पाडा, जाडं मीठ भरा, गरम पाणी ओता, वर प्लास्टिक बांधा. पंधरा दिवसांत खुंट भुसभुशीत होऊन हाताने निघेल. राहिलं तर रॉकेल ओतून पेटवा. कुठल्याही झाडाला चालतं. खुंट ठेवलात तर वाळवी घरात शिरणारच. स्वतःच्या जागेतलं झाड, कुणाची परवानगी लागत नाही.’

आता एकेक घेऊ.

‘मीठ भरा, पंधरा दिवसांत भुसभुशीत होईल.’

हे लिहिणारा कोकणातला नसणार. मीठ लावल्यावर बांगडा कुजतो की टिकतो, हे आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल लागते, हवा लागते, आणि मिठाने ती मरते. म्हणजे भोकात मीठ भरून आपण खुंट खारवून ठेवतो. वर प्लास्टिक बांधलं की हवाही बंद.

यात एक गोष्ट खरी आहे. खुंट जिवंत असेल, त्याला धुमारे फुटत असतील, तर भरपूर मिठाने तो मरू शकतो. पण मेला म्हणजे कुजला असं नव्हे. माजघरावरची तुळई मेलेलंच लाकूड आहे की. आजोबांच्या वेळची आहे आणि अजून घर पेलते आहे.

आमच्या शेजारच्या काकांनी हा प्रयोग केला. विहिरीजवळचा रायवळ आंबा तोडला होता, त्याच्या खुंटाला चौदा भोकं पाडून मीठ ठासलं. शिमग्याला मी बघायला गेलो तर भोकांच्या तोंडाशी पांढरी खपली धरलेली. काकांनी पहारीचं टोक मारलं, ते टणकन उडालं. खुंट होता तसाच. वाळला तो पलीकडचा कढीपत्ता, आधी टोकाकडून आणि मग सगळाच. भोकातलं मीठ पावसाबरोबर खाली उतरतं, आणि आपला जांभा दगड म्हणजे चाळण. विहीर दहा पावलांवर असेल तर ते मीठ कुठे जाणार, हे वेगळं सांगायला नको.

माडाच्या बाबतीत तर हा सल्ला विनोदीच आहे. चांगला धरावा म्हणून माडाच्या आळ्यात आपण मुद्दाम मीठ घालत आलो आहोत!

‘कुठल्याही झाडाला चालतं.’

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हे. माड, आंबा आणि साग यांचे खुंट ही तीन वेगळी कामं आहेत.

सागाचा खुंट मरायला तयार नसतो. तोडला की पुढच्या पावसात कडेने जोमाने धुमारे येतात. ते कोवळे असतानाच पुन्हा पुन्हा खुडत राहावं लागतं. त्याचा गाभा लवकर कुजत नाही, फणसाचाही नाही. आंब्याचं लाकूड त्या मानाने नरम. जमिनीसरशी कापून वर माती, पालापाचोळा आणि शेणकाला घालून ओलं ठेवलं तर काही पावसाळ्यांत ते मातीला मिळतं. काही पावसाळे म्हणतोय मी. पंधरा दिवस नाही.

माडाचं गणित याच्या उलट आहे. माडाला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. खोड कापलं की विषय संपला, बुडख्यातून पुन्हा काही फुटत नाही. त्यामुळे त्याला मारायला मीठ, औषध, काहीच नको. सोटमूळही नाही. बुडाच्या गड्ड्यातून बोटाएवढी मुळं हजारोंनी फुटलेली असतात, बस. दोन गडी टिकाव आणि पहार घेऊन चारी बाजूंनी चर मारतात, मुळं तोडत जातात, आणि दोरखंड किंवा चेन-पुली लावून गड्डा एकसंध आडवा करतात. फणसाच्या मुळाशी झुंजलेल्या माणसाला हे काम सोपं वाटेल.

पण सोपा असूनही आगरात, म्हणजे माडांच्या बागेत, कुजत ठेवू नये असा खुंट कुठला, तर तोच. कुजणारा माडाचा बुडखा म्हणजे गेंड्या भुंग्याची बाळंतिणीची खोली. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूने आत घुसलं तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत आगरं झोपली. खोडं आणि बुडखे कित्येक ठिकाणी जागीच राहिले. आमच्याकडे एक बुडखा पुढे फोडला, तर आतल्या भुशात इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या, अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या. त्यांचेच पुढे भुंगे होतात आणि उभ्या माडाच्या कोंबात शिरतात. नवी झावळी उलगडली की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते, ती त्यांचीच करणी. म्हणून जिवंत माडांजवळचा बुडखा काढून बाहेर न्यावा. ते जमत नसेल तर फोडून उन्हात पूर्ण वाळवावा. आणि आंब्याला सांगितलेला शेणकाला इथे अजिबात नको, शेणखताच्या खड्ड्यातही हाच भुंगा अंडी घालतो.

‘रॉकेल ओतून पेटवा.’

रॉकेल जळतं, वरचे चार बोटं लाकूड काळं होतं, आतला ओला गाभा तसाच राहतो. वाळलेला खुंट असेल तर आग मुळांवाटे जमिनीखाली धुमसत जाते आणि दुसऱ्या दिवशी भलतीकडेच धूर दिसतो. माघ-फाल्गुनात कातळावरचं गवत कसं असतं ते आपल्याला माहीत आहे. वणव्यात दरवर्षी कुणाची ना कुणाची कलमं जातात. यावर याहून जास्त लिहीत नाही.

‘वाळवी घरात शिरणारच.’

‘शिरणारच’मधला ‘च’ काढला तर मला मान्य. वाळवी जमिनीतच असते, खुंट तिला आयतं खाणं देतो. परड्याच्या टोकाला असलेल्या खुंटाने घराला लगेच धोका होत नाही. जोत्याला लागून, पडवीच्या खांबाशी किंवा लाकडी पायऱ्यांजवळ खुंट असेल तर मात्र तो काढाच. नवं घर बांधताना फरशीखाली खुंट किंवा जाड मुळं पुरून भराव घालणारे ठेकेदार असतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवा. वाळवी लागते ती लागतेच, वर लाकूड कुजलं की भराव खचतो आणि फरशी ढोल वाजायला लागते.

‘कुणाची परवानगी लागत नाही.’

खुंट उपटण्यावर सहसा कुणी बोट ठेवत नाही. प्रश्न असतो झाड कसं तुटलं त्याचा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, चिंच, हिरडा ही आपल्या परड्यातली बरीच झाडं आहेत. ती तोडायला परवानगी लागते, खाजगी जमिनीतली असली तरी. माड-पोफळ त्यात नाहीत. शहरी हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागतो. खैराचा खुंट ‘फुकट काढून देतो’ म्हणत कुणी टेम्पो घेऊन आला तर खूश होऊ नका. कात खैराच्या गाभ्यापासून होतो, तो त्यासाठीच आलेला असतो. कागद नसताना माल सापडला तर विचारणा जमीनमालकाकडेही होते.

आणि झाड वादळात पडलं असेल तर पंचनामा होईपर्यंत खुंटाला हात लावू नका. फोटो काढून ठेवा. नुकसानीचा पुरावा तोच असतो.

‘जेसीबीवर पैसे कशाला?’

निम्मं पटतं. माडाच्या बुडख्याला जेसीबी म्हणजे डास मारायला बंदूक. अंगणात सात टनांहून जड यंत्र आणायचं तर आधी शौचालयाची टाकी, शोषखड्डा आणि विहिरीवरून आलेला पाइप कुठून जातो ते चुन्याने आखून द्या. ड्रायव्हरला ते दिसत नाही. जुन्या फणसाची मुळं जांभ्याच्या भेगांत शिरलेली असतात, बकेटने हिसका दिला की मुळाबरोबर चिरे हलतात. अशा वेळी जोत्याच्या बाजूची मुळं आधी हाताने तोडून घ्यावी, मग यंत्र लावावं. घर उतारावर असेल आणि खुंट दरडीच्या किंवा गडग्याच्या, म्हणजे रचलेल्या दगडी बांधाच्या, कडेला असेल तर मी तो उपटणारच नाही. जमिनीसरसा कापून ठेवेन, आणि जुनी मुळं कुजायच्या आत शेजारी दुसरं झाड धरेल असं बघेन.

मेसेजमध्ये नसलेली, पण जिवावर बेतणारी गोष्ट एकच. वादळात मुळासकट कललेलं झाड खोडाशी कापलं की वरचं वजन जातं, आणि मुळांचा गड्डा मातीसकट झटक्यात उभा राहू शकतो. त्या खड्ड्यात कुणी उभं राहू नये, पोरांना तर अंगणातच येऊ देऊ नये. हे काम कटरवाल्यावर सोपवा, आणि त्यालाही आधी गड्ड्याला दोर लावायला सांगा.

खुंट निघाल्यावर खड्डा लगेच भरून टाकायचा. त्यात लाकडाचे तुकडे नकोत. मातीचा वीतभर थर टाकून धुम्मस मारायची, म्हणजे जड ठोकळ्याने ती चोपायची, मग पुढचा थर. तरी पहिल्या पावसात तिथे थोडा खळगा पडतोच, तेव्हा चार घमेली माती बाजूला झाकून ठेवा.